रोल सरेपर्यंत

आमच्या वडिलांनी, आबांनी, भडगावात जन्मभर लोकांची लग्नं टिपली, पण स्वतः कायम कॅमेऱ्यामागे. ते गेले तेव्हा भिंतीवर लावायला ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घ्यावा लागला. त्यात ते पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसतात. मला तो बघवत नाही.

दसऱ्याला आई अजून त्यांच्या कॅमेऱ्याची पूजा करते. हळदकुंकू वाहिलं की एक फोटो काढायचा, त्या दिवशी अवजार बसून राहू नये, ही आबांची रीत. कॅमेरा रिकामाच, असं आम्ही भावंडं धरून चाललो होतो. यंदा मात्र तिने फिल्म पुढे सरकवायची दांडी ओढली आणि डावीकडची चकती फिरताना मला दिसली. रिकाम्या कॅमेऱ्यात ती फिरत नाही.

"आई, यामा रोल शे का?"

"शे ना. त्यासनी सांगेल व्हतं, रोल सरत नही तंवर झाकन उघाडानं नही. पह्यला फोटो त्यासनाच शे. मीच काढेल व्हता."

मी मनात हिशेब केला. रोल छत्तीस फोटोंचा, वर्षाला एक, आणि आई सत्तरीला टेकलेली.

"मंग देखू ना," म्हणत भावाने झाकणाची खिट्टी निम्मी उचललीसुद्धा. मी त्याच्या हातावर फटका मारला. एरवी हा साधं कुलूप उघडायला अर्धा तास घेतो. उजेड शिरून फिल्म जळली असती, तर आबा दुसऱ्यांदा गेले असते.

रोलच्या डबीला एक फट असते आणि फटीला आतून मखमल, उजेड अडवायला. बाहेर आलेली फिल्म उलटी गुंडाळून त्या मखमलीआड गेली, की मगच झाकण उघडायचं. आणि पहिला फोटो सगळ्यात शेवटी आत जातो.

खालचं बटण दाबून मी चकती फिरवू लागले. वाळलेली फिल्म मध्येच अडली. जोर लावावा तर तुटणार, थांबावं तर भाऊ पुन्हा हात घालणार. जराशी फिरवली आणि चकती एकदम हलकी झाली. फिल्म सुटली की तुटली, कळेना. कॅमेरा गोधडीत घेऊन चाचपतच झाकण उघडलं. पलीकडचं, फिल्म गुंडाळणारं चाक रिकामं लागलं; फिल्म अख्खी डबीत परतली होती.

धुळ्याच्या एका जुन्या फोटोवाल्याने रोल धुऊन दिला. फोटो धुरकट आले. बाकी सगळ्यांत आबांची रिकामी खुर्ची. पहिल्यात मात्र त्याच खुर्चीत ते, आईकडे बघून हसताना.

आईने तो फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला. "मना हात हालना व्हई, हाईच भेव व्हतं माले," ती म्हणाली. "म्हनीसन मी बी घाई नही करी."

फोटो जराही हलला नव्हता.