उपाशी बशा

ताईनं आयुष्यात कुणाला उपाशी ठेवलं नाही, आणि त्यापायी एकदा तिची नोकरी जायची वेळ आली होती.

आई गेल्यावर आम्हा तीन भावांना तिनंच वाढवलं. सकाळी आमच्या पोटात चार घास ढकलायचे आणि प्रयोगशाळेत जाऊन जिवाणूंसाठी खुराक शिजवायचा, काचेच्या बशांत ओतायचा. उपाशी पडल्यावर जिवाणू काय करतात, ते तिथल्या सरांना पाहायचं होतं. पण बशीतले जिवाणू आपले सगळीकडे पसरून मजेत. महिने गेले, तेव्हा सरांनी विचारलं, "खुराक मापानंच घालता ना?"

"मापानंच. वर फक्त चिमूटभर. तेवढ्यानं कुणाचं भागतं का?"

सरांनी कपाळाला हात लावला. नोकरी वाचली, चिमूट बंद झाली. आणि मग बशीत खसखशीएवढे ठिपके उमटले. प्रत्येक ठिपका म्हणजे जिवाणूंचा घोळका. सर म्हणाले, "उपासमार झाली की हे अंगातून एक द्रव्य सोडतात. शेजाऱ्याला सुगावा लागतो, तो जवळ येतो, तोही सोडतो. असे सगळे गोळा होतात."

घरी हे सांगताना ताईचे डोळे भरले होते. "बिचारे," म्हणाली. आम्ही तिला कितीतरी दिवस चिडवत होतो.

पुढं आम्ही तिघं तीन गावांना पांगलो. ताई खाऊचे डबे पाठवायची. "एकदा सगळे मिळून या रे," म्हणायची आणि लगेच, "माझं काही नाही, मी मजेत आहे." आम्हीही ते खरं धरून चालायचो. दरवेळी कुणाचं ना कुणाचं काम निघायचं. अशी वर्षं गेली, ताई निवृत्त झाली.

एका दुपारी तिचा फोन आला. "मला एकटीला जेवण जात नाही रे."

बस, एवढंच. मी थोरल्याला फोन केला, त्यानं मधल्याला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिघंही तिच्या स्वयंपाकघरात हजर. चूल थंड होती. त्या घरात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. थोरल्यानं भात टाकला, मधला कांदा चिरता चिरता रडला आणि खापर कांद्यावर फोडलं, मी भांडी विसळली. लहानपणीच्या त्याच अरुंद बाकावर आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो. ती संध्याकाळ आठवली की अजून जीव हळवा होतो.

थोरल्यानं तिला वाढलं. जन्मभर "मला पुरे" म्हणणाऱ्या ताईनं ताट पुढं सरकवलं.

"अजून वाढ," ती म्हणाली.