आत्याची गोळी आणि माझ्या चकत्या

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. आज हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत काम करते आणि हे सांगताना आवाज जरा मोठाच होतो. काम असं, की उंदराच्या पिल्लाच्या मेंदूच्या कागदासारख्या पातळ चकत्या कापायच्या आणि आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवायच्या. चकती बारीक जाळीवर ठेवतात. खालून पोषक पाणी नुसतं टेकलं पाहिजे. बुडाली की मेली. मग तिच्यात फिट आल्यासारखी खळबळ उठवायची आणि नवं औषध टाकून ती शांत होते का ते बघायचं.

हे सगळं मी सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी फोन करून आत्याला सांगितलं होतं. तिला तरुणपणापासून फिट येते, पण रोजच्या गोळीवर ती कित्येक वर्षं ठणठणीत होती. भाची फिटीचंच औषध शोधते, हे तिनं अख्ख्या गावाला ऐकवलं.

पावसाळ्यात धान रोवण्याच्या दिवसांत घरी गेले, तर आत्याच्या कपाळाला पट्टी. धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साचवलेल्या खाचरात, फिट येऊन पडली होती. बरोबरच्या बायांनी तोंड चिखलातून वर धरलं म्हणून वाचली. गोळ्यांचं पाकीट फडताळात न फोडता पडलेलं. मी रागावले, तर तिलाच नवल वाटलं.

"घरचं धान असताना कोनी दुकानातून तांदूळ आनते का? मायी भाची औषध बनवून राह्यली, मी दुसऱ्याचं काऊन खाऊ?"

घरचं धान असताना तांदूळ विकत आणणं आमच्याकडे खरंच लाजेची गोष्ट. मला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

शेजारी बसून समजावलं. चकतीत चाललेलं औषध पुढे जनावरांत फसतं, माणसांत फसतं, बहुतेक फसतातच. टिकलं तरी दुकानात यायला वर्षं जातात. तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे अजून परहेच हायेत?" परहे म्हणजे रोवायची कोवळी रोपं.

"परहेबी नाई, आत्या. अजून बियानंच निवडून राह्यलो. नवं धान येईस्तोवर घरात काय शिजते?"

"जुनं," ती नाराजीनंच म्हणाली.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. पडल्याचं सांगितलं, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवायला आणा आणि गोळी आजच सुरू करा म्हटलं. तिनं ती गिळली आणि तोंड वाकडं केलं.

"तुयी कडू नको करजो."

मी बरं म्हटलं. आमच्या चकत्यांना चव कळत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती.