साहेबाच्या वतीने

कारखान्यात हजेरी-कारकुनाला सगळे डिक्शनरी म्हणत. इंग्रजी नोटीस लागली की जेवणाच्या सुट्टीत तो तिची फोड करून सांगायचा. 'कोल्ड शोल्डर' म्हणजे ओळख असून तोंड फिरवणं, 'ओपन आर्म्स' म्हणजे मनापासून स्वागत. थंड खांदा नि उघडे हात ऐकून माणसं पोट धरून हसायची.

गेल्या महिन्यात मात्र कुणी हसलं नाही. बेचाळीस जणांना 'गोल्डन हँडशेक' आणि यादीत पहिलं नाव त्याच्याच थोरल्या भावाचं. वडील गेल्यावर शाळा सोडून दादा लेथवर उभा राहिला, म्हणून हा कॉलेजात गेला. घरातलं सगळं इंग्रजी दादाच्या जिवावर आलेलं.

"म्हणजे काय रे?" दादानं विचारलं.

मराठीत ह्याला नारळ देणं म्हणतात, एवढंच सांगायचं होतं. पण बेट्याची जीभ रेटेना. "साहेब मानानं निरोप देणार," तो पुटपुटला.

"घरी बसवणार म्हण की. तू बोलून बघ ना. तुझं इंग्रजी चांगलं आहे."

तो तीनदा बोलला, अगदी व्याकरणशुद्ध. यादी वरून आली आहे, म्हणत साहेबानं तिन्ही वेळा हात वर केले.

लेथवाल्यांचे हात कायम तेलकट. तिथं कुणी पंजा पुढे करत नाही. मनगट पुढे करायचं, समोरच्यानं ते धरायचं. धाकट्याचा पांढरा शर्ट खराब होऊ नये म्हणून दादानं सव्वीस वर्षं त्यालाही मनगटच दिलं. शेवटच्या दिवशी मात्र सगळ्यांनी रॉकेलनं हात धुतले, वर साबण लावला. दादा तर ब्रश घेऊन नखं घासत बसला. साहेब हात मिळवणार होता ना!

आणि साहेब? हातावर तुरी देऊन दुपारीच गेला. जाताना डिक्शनरीला म्हणाला, "माझ्या वतीनं तुम्हीच हात मिळवा आणि हिशेबाची पाकिटं द्या."

पहिला दादाच आला. "साहेब कुठंय?"

"गेले. मीच आहे."

सवयीनं दादाचं मनगट पुढे आलं. मग त्यानं आपल्या धुतलेल्या तळव्याकडे पाहिलं आणि धाकट्याचा हात हातात घेतला. जरा वेळ सोडलाच नाही.

"मऊ आहे रे हात तुझा," तो म्हणाला. "बरं झालं."

डिक्शनरीला रडू आवरेना, आणि मागं एक्केचाळीस जण उभे होते. त्यानं पाकीट दिलं आणि पुढचं नाव पुकारलं.