बाबांचं वाळूचं घड्याळ

त्या दिवसांत मी रोज देव्हाऱ्यापुढे बसत होते, निरांजनही लावत होते, पण दत्तगुरूंच्या तसबिरीकडे मान वर करून बघायची माझी हिंमत होत नव्हती. बाबा, म्हणजे माझे सासरे, न्युरेम्बर्गच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांची वाचा गेली होती आणि उजवी बाजू लुळी पडली होती. फार आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. त्यांना बरं कर, असं मागायला मी हात जोडायचे आणि न मागताच उठायचे. ज्या माणसाचं मन मी मोडलं होतं, त्याच्यासाठी कोणत्या तोंडाने मागणार? माझ्यासारखीचं मागणं देव ऐकून तरी घेतो का, ही शंका मला खात होती.

मी काय केलं होतं ते आधी सांगून टाकते. आजवर ते नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही.

बाबांनी जन्मभर सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यांचा जीव अडकला होता तो चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या पाद्र्यांमध्ये. हे पाद्री रविवारी चर्चमध्ये प्रवचन करायचे आणि उरलेल्या दिवसांत देवाला उद्देशून कविता लिहायचे. बाबा त्यांना आपल्या कीर्तनकारांचे चुलतभाऊ म्हणायचे. धर्मग्रंथातली एखादी ओळ घ्यायची, डाळिंब सोलावं तशी तिचा दाणा न् दाणा मोकळा करायची, आणि मग समोरच्या माणसाला विचारायचं की बाबा रे, यातलं तुझ्या जगण्यात काय आहे? आपला पूर्वरंग आणि उत्तररंगच तो, असं त्यांचं म्हणणं. "देवाशी कडाकडा भांडतात गं ते," बाबा सांगायचे, "पण दार आपटून निघून जात नाहीत. शेवटी तिथंच पायाशी बसतात."

मला मात्र हे पटत नव्हतं. सासूबाई गेल्या आणि बाबा कायमचे आमच्याकडे जर्मनीत आले. वाटलं होतं, आता तरी चार श्लोक म्हणतील, पूजेला बसतील. पण रविवारी सकाळी मी आरती म्हणायला लागले, की बाबा खिडकीतल्या खुर्चीत बसून मोठ्याने प्रवचन वाचायचे. माझ्या आरतीत त्यांचा पाद्री घुसायचा. मी निखिलकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे तक्रार केली की तो हसायचा. मी दिवसभर कंपनीत मशीनचे आराखडे तपासणारी बाई, मोजमापात न बसणारं काही मला आधीच खपत नाही. त्यात हे परक्या देवाचं वाचन.

गंमत म्हणजे याच बाबांशी माझं सगळ्यात जास्त जमायचं. एकदा आम्ही त्यांना जवळच्या एका खेड्यातलं जुनं चर्च दाखवायला नेलं. तिथे प्रवचनाच्या उंच चौथऱ्याला लोखंडी चौकटीत वाळूची घड्याळं बसवलेली होती. बाबा त्यांच्यासमोर लहान मुलासारखे उभे राहिले. इंग्लंडमध्येही अशीच घड्याळं असायची म्हणाले. वाळू संपली की प्रवचन संपवायचं. पण प्रवचन रंगलं असेल तर लोक म्हणायचे, अजून एकदा उलटा! मग पाद्री घड्याळ उलटून पुढे सुरू करायचा. त्या दिवसापासून आमच्या घरात ती एक खूणच झाली. संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन चहाबरोबर दिवसभराचं पुराण सांगायचे आणि मध्येच थांबले, की बाबा नुसतं मनगट फिरवून पालथा हात उताणा करायचे. म्हणजे, घड्याळ उलटलंय, चालू दे पुढे. इतकं मन लावून ऐकणारं माणूस मला माहेरीही भेटलं नव्हतं.

मग घरमालकाला फ्लॅट स्वतःसाठी हवा झाला आणि आम्हाला लहान घरात जावं लागलं. सामान कमी करायचं होतं. जुन्या घराच्या कोपऱ्यावर रस्त्याकडेला पुस्तकांचं एक कपाट होतं. त्यात कुणीही पुस्तकं ठेवावीत, कुणीही न्यावीत. मी तीन पिशव्या भरून पुस्तकं तिथे ठेवली. त्यांत बाबांचं ते प्रवचनांचं पुस्तकही होतं. खाकी कव्हर घातलेलं, पाठ दोऱ्याने शिवलेली, प्रत्येक समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं. मी ते हातात घेतलं होतं. ओळखलं होतं. आणि तरी ठेवलं. बरं झालं, आता रविवारची आरती तरी नीट होईल, असं मनात आलं होतं, हेही आज लपवत नाही.

बाबांनी शोधाशोध केली तेव्हा मी म्हटलं, "अहो बाबा, चुकून गेलं असेल बहुतेक."

"अगं, उमत्सुगमध्ये होतंच असं," निखिल म्हणाला. घर हलवण्याला आमच्या तोंडी हाच जर्मन शब्द बसलाय.

बाबा एवढंच म्हणाले, "असू दे. कुणीतरी वाचेल." त्यानंतर रविवारी ते खिडकीत नुसते बसायला लागले. माझी आरती निर्विघ्न व्हायला लागली आणि मला ती गोड लागेना. पुढे एकदा ट्राममधून घरी येताना मला ते जुन्या कोपऱ्यावर दिसले. कानटोपी घालून, वाकून, त्या कपाटातलं एकेक पुस्तक बाहेर काढून बघत होते. नव्या घरापासून तिथवर वीस मिनिटांची चाल होती. मी मान फिरवली. मी तेव्हाच धावत गेले असते आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांची दारं ठोठावली असती, तर? पण मी गेले नाही. थंडी सुरू झाली आणि एका सकाळी बाबा बाथरूममध्ये पडले.

हॉस्पिटलमध्ये चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी दारावर टकटक झाली. पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. "आल्झो, तर मी इथली फारेरिन," त्या म्हणाल्या. म्हणजे हॉस्पिटलच्या पाद्रीबाई. माझं डोकंच फिरलं. मरणाऱ्या माणसाला गाठून धर्म शिकवायला आल्या, असंच मला वाटलं. मी उठून दारात आडवी उभी राहिले.

"आम्ही हिंदू आहोत. आम्हाला याची गरज नाही."

"गेनाऊ, बरोबर, फॉर्मवर वाचलं मी," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त एक विचारायचं होतं. हे इंग्रजी शिकवायचे का?"

"त्याच्याशी तुमचा काय संबंध?" मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. कापडी पिशवीतून खाकी कव्हरचं एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरलं.

उन्हाळ्यात त्यांना ते रस्त्यावरच्या कपाटात मिळालं होतं. स्वतः प्रवचनं लिहिणाऱ्या, म्हणून हौसेने घरी नेलं. समासातली लिपी वाचता येईना, पण पहिल्या पानावर बाबांचं नाव आणि कॉलेजचा शिक्का होता. वॉर्डाच्या यादीत तेच नाव दिसलं, म्हणून त्या विचारायला आल्या होत्या. "इतकं लिहिलेलं पुस्तक कुणी आपणहून टाकत नाही," त्या म्हणाल्या. "नेताना मला अपराधीच वाटत होतं."

मी तिथेच, त्या अनोळखी बाईसमोर, हमसून हमसून रडले. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. माझ्या दंडावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

मी पुस्तक बाबांच्या डाव्या हाताखाली ठेवलं. त्यांची बोटं कव्हरवरून फिरली आणि पाठीच्या शिवणीवर थांबली. "बाबा," मी म्हटलं, "ते चुकून गेलं नव्हतं. मी ठेवलं होतं. मला माहीत होतं तुमचं आहे ते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग डोळे मिटले. ते डोळे रागाने मिटले की थकून, मला कळेना. विचारायची सोय नव्हती. मला शिक्षा झाली असती तर बरं वाटलं असतं.

दुसरं काहीच सुचेना, म्हणून पुस्तक उघडून वाचायला लागले. जुनं इंग्रजी, अडखळत, चुकीचे उच्चार करत. एरवी बाबांनी तीनदा टोकलं असतं. समासातलं त्यांचं मराठीही वाचलं. 'इथे मुलं हसतात. हसू द्यावं.' 'हे परीक्षेला नाही, तरी शिकवावं.' एका पानावर सासूबाईंच्या औषधाची वेळ लिहिलेली होती. प्रवचन कशावर होतं ते निम्मं मला समजत नव्हतं, पण वाचताना बाबांचा वर्गातला आवाज ऐकू येत होता. एका परिच्छेदापाशी समासात लिहिलं होतं, 'इथे थांबावं.' मी थांबले. खोलीत सलाइनच्या यंत्राची बारीक टिकटिक तेवढी चालू होती.

चादरीवर पालथा पडलेला त्यांचा डावा हात हलला. मनगट हळूहळू, फार कष्टाने फिरलं आणि तळहात वर झाला.

मी पुढे वाचायला लागले. अक्षरं दिसत नव्हती तरी वाचत राहिले.

त्यानंतर चार दिवस मी रोज दुपारी वाचलं. पाचव्या दिवशी सकाळी बाबा गेले. अंत्यसंस्काराला त्या पाद्रीबाई आल्या होत्या. शेवटच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि संपताच परत गेल्या. त्यांचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले, ते इथे मानते.

दत्तगुरू परक्या धर्माच्या बाईच्या पिशवीतून येतात का, यावर मी कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढंच माहीत आहे, की मला मागायचीही लाज वाटत होती आणि तरी कुणीतरी माझी लाज राखली. आता मी देवाकडे फारसं काही मागत नाही. जे झालं ते आहे तसं त्याच्यापुढे ठेवते आणि पायाशी बसते. बाबांच्या पाद्र्यांना हे चारशे वर्षांपूर्वीच कळलं होतं, मला कळायला बाबांना जावं लागलं.

ते पुस्तक आता देव्हाऱ्याशेजारी असतं. रविवारी आरती झाली की मी खिडकीतल्या खुर्चीत बसून एक पान मोठ्याने वाचते. पान संपलं की थांबते, आणि तो हात उलटायची थोडा वेळ वाट बघते.