लेबलावर नसलेला आकडा

मंचरच्या पेठेत कॉम्प्युटर आणि कॅमेरे दुरुस्तीचं माझं दुकान आहे. बंद पडलेली हार्ड डिस्क आली की माझा क्रम ठरलेला असतो. आधी कान, मग मीटर, अगदी शेवटी स्क्रू-ड्रायव्हर. डिस्कच्या पोटात चकत्या फिरतात, त्यामुळे कानाला लावली की बरंच कळतं. फिरायला बघते, टक् करते आणि पुन्हा बसते, असं होत असेल तर पुष्कळदा दोष डिस्कचा नसतो, तिला मिळणाऱ्या विजेचा असतो. म्हणून प्रत्येक मॉडेलचं माहितीपत्रक छापून मी फायलीला लावते. घरचे हसतात. मी किराण्याच्या यादीलाही क्रमांक घालते, तेव्हा ते हसणारच.

त्या दिवशी नुकतं शटर उघडलं होतं. लोणीचे एक शेतकरी गोणपाटात गुंडाळलेला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घेऊन आले. सोबत औषध फवारायच्या पंपाची बॅटरी आणि वायरींचं भेंडोळं. त्यांच्यामागे पन्नाशीच्या एक बाई होत्या. त्या आत आल्या नाहीत, पायरीवरच बसल्या.

"ताई, आतली डिस्क मेली का जित्ती हाय तेवढं सांगा," ते म्हणाले. "परवा संध्याकाळचं चित्रण पायजे."

"काय झालं?"

"गाभण शेळी गेली. सकाळी बघतो तर गोठ्याचं दार सताड उघडं. बिबट्या तर रोजच उसात हाय, त्याला काय निमंत्रण लागतंय?" मग पायरीकडे न बघता त्यांनी आवाज उतरवला. "ह्या मावशी आन् त्यांचा नवरा आमच्याकडंच कामाला राहत्यात, वर डोंगरात आहुप्याकडचे. दार लावायचं काम ह्यांचं. आई म्हणती, कडी घालायची इसरली, आता दोघांना वाटंला लावा. मावशी म्हणत्यात, घातली."

"घातली व्हती," पायरीवरून आवाज आला. "वरून तार बी पिळली व्हती. शंभरदा इचारा."

म्हणजे त्या डब्यात एका बाईचा शब्द अडकला होता. मी खुर्ची ओढली.

मुख्य विजेचा अ‍ॅडॉप्टर त्यांनी आणलाच नव्हता, म्हणून आधी त्यांचीच बॅटरी जोडून बघितली. कान लावला. घूं, घूं, टक्. पुन्हा घूं, घूं, टक्.

"ही बॅटरी कशाला?"

"लाईट गेली तरी कॅमेरे चालावं म्हणून. बिबट्याला काय, लाईट असू दे नायतर नसू दे." ते जरा ताठ झाले. "आन् मी अंदाजपंचे नाय जोडलंय, ताई. डिस्कचं लेबल वाचलंय. बारा व्होल्ट, अर्धा अँपिअर. चार कॅमेऱ्यांचं येगळं धरलं. बॅटरी बाराचीच हाय. बेरीज बसती."

बेरीज खरंच बसत होती. इतक्या काळजीनं लेबल वाचणारं गिऱ्हाईक मला क्वचितच भेटतं. मी फायलीतून त्या मॉडेलचं माहितीपत्रक काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. लेबलावर छापतात तो डिस्क फिरत असतानाचा प्रवाह. उभ्या चकत्यांना पहिली गती द्यायला लागतो तो प्रवाह आतल्या पानावर असतो: पावणेदोन अँपिअर. जेमतेम काही सेकंदच लागतो, पण त्या सेकंदांना तो मिळालाच पाहिजे.

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "आयला. म्हंजी इहिरीवरच्या मोटारीवानी! कमी दाबात नुसती हूं करती, उचलतच नाय."

"अगदी तसंच. तुमची बॅटरी जुनी. त्यात अंधार पडला की कॅमेऱ्यांचे दिवे लागतात, तेही हिच्यावरच. डिस्क उचलणार कशी?"

"मोटार असती तर मला लगीच कळलं असतं, राव," ते स्वतःशीच म्हणाले.

मी रेकॉर्डर माझ्या टेबलावरच्या सप्लायला लावला. मीटरचा काटा पावणेदोनच्या जवळ चढला, क्षणभर थांबला आणि उतरून अर्ध्याच्या खाली स्थिरावला. घूं एकसारखी झाली. कॅमेऱ्याच्या डिस्कला पळायचं नसतं. ऑफिसातली डिस्क मिनिटाला सात हजार दोनशे फेरे मारते, ही पाच हजार चारशेच. पण ही कमी तापते, चार-पाच वॅटवर दिवसरात्र फिरते आणि लिहीत राहते. सुरुवातीला एकदा हात द्यावा लागतो, एवढंच.

परवाची संध्याकाळ स्क्रीनवर आली. मावशी दारातून बाहेर येतात. कडी सरकवतात, ओढून बघतात, वाकून तार पिळतात. जाता जाता पुन्हा एकदा ओढतात. थोड्या वेळानं चित्र तुटलं. त्यानंतर काहीच नाही.

"इथं लाईट गेली," मी म्हटलं. दुरुस्तीच्या कागदावर भरायचे माझे दोन प्रश्न राहिले होते, ते विचारून टाकले. "लाईट गेल्यावर बॅटरी आपोआप लागते, की कोणी जोडतं?"

"म्याच जोडतो. पिन काढायची, दुसरी घालायची."

"आणि रेकॉर्डर कुठे बसवलाय? घरात?"

"नाय, गोठ्यातच. आत, माळ्यावर..."

ते तिथेच थांबले. स्क्रीन काळी होती, तरी तिकडेच बघत राहिले. मी पेन खाली ठेवलं. अंधार, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड. कडी काढून आत जाणं आलं. बाहेर येताना लक्ष सगळं, कॅमेरे चालू झाले की नाही, ह्याच्यात असणार.

ते उठून पायरीशी गेले.

"मावशी, तुमच्यामागून मी गेलो व्हतो आत. बॅटरी लावाया. कडी माझ्याच्यानं राहिली."

मावशींनी पदर सारखा केला. "मंग मी काय येगळं सांगत व्हते, दादा?" त्या म्हणाल्या. मग आवाज मऊ झाला. "दोन पिल्लं व्हती तिच्या पोटात. मी हात लावून बघितलं व्हतं."

ते आत आले तेव्हा डोळे पुसलेले होते. मी मोठ्या प्रवाहाचा वेगळा सप्लाय आणि चांगली बॅटरी कोणती घ्यायची ते लिहून दिलं. रेकॉर्डर गोठ्यातून काढून घराच्या पडवीत लावा, म्हणजे अंधारात दार उघडावं लागणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी मान डोलवली.

"ताई, मावशी कडी घालत्यात तेवढं पेनड्राइव्हात घालून द्या. आईला दाखवतो."

"त्यात माझंच तोंड दिसंल," मावशी पायरीवरून म्हणाल्या. "तुमी कुठं हायेत त्यात? आईंला तुमच्या तोंडानं सांगा."

मी पेनड्राइव्ह हातात घेतला होता. शेतकऱ्यांनी माझ्याकडे बघून तो ठेवून द्यायची खूण केली, खिशातून फोन काढला आणि पायरीवर, मावशींच्या शेजारी बसून घरचा नंबर लावला.