सिस्टरांची इंग्रजी

आमच्या सिस्टरांना एखादा शब्द कळला नाही, तर त्या समोरच्याला तिथंच थांबवत आणि अर्थ समजेपर्यंत हलत नसत. उत्तर इंग्लंडमधल्या एका इस्पितळात नर्स म्हणून उमेदीची वर्षं काढून त्या श्रीरामपूरला परतल्या होत्या. परदेशी नर्सिंगला जाणाऱ्या आम्हा मुलींना घराच्या ओट्यावर इंग्रजी शिकवत.

ही सवय त्यांना एका म्हाताऱ्या पेशंटनं लावली. त्या नव्यानं रुजू झाल्या होत्या आणि तो सारखा ‘स्टार्व्ड’ म्हणत होता. भूक लागली असेल म्हणून त्यांनी टोस्ट दिला, मग सूप. त्यानं तोंड फिरवलं. शेवटी अंगाला हात लावून पाहिलं, तर तो थंडीनं काकडला होता. तिकडची जुनी माणसं गारठण्यालाच ‘स्टार्व्ड’ म्हणतात. ब्लँकेट पांघरतानाच सिस्टरांनी ठरवलं, की इथली बोली इथल्याच माणसांकडून शिकायची. मग चहाच्या वेळी त्या पेशंटांजवळ जाऊन बसू लागल्या. रुसून बसलेला तो ‘मार्डी’, जराही थंडी न सोसणारा तो ‘नेश’. असे शब्द आमच्या पुस्तकांत नव्हते.

मी श्रीरामपूरजवळच्या बेलापूरची. परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत प्रश्न कळला नाही, तेव्हा मी नुसती हसून मान हलवली आणि नापास झाले. आमच्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या कारखान्यात नोकरी धरायची ठरवून वर्ग सोडला. आठवड्याच्या आत सिस्टर एसटीनं घरी हजर. मी त्यांना सांगितलं, की माझ्या मराठीलाच नर्सिंग कॉलेजातल्या पुण्याच्या पोरी हसतात, इंग्रजी कुठून जमायची?

चहा संपवून त्या म्हणाल्या, “तू बोलतीस ते बिघडलेलं न्हाई, तुझ्या गावचं हाय. तिकडची म्हातारी मानसंबी त्यांच्या गावचंच बोलत्यात. त्यांना समजून घेनारी पायजे. नागापूरला जायचं तर खुशाल जा, पर हरून जाऊ नको.”

मी वर्गात परतले आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. आज तिकडेच नर्स आहे.

यंदा सुट्टीवर निघायच्या आधीच सिस्टर गेल्याचा फोन आला. श्रीरामपूरला त्यांच्या घरी पोहोचले, तर ओट्यावर मुली बसलेल्या. परीक्षा तोंडावर आलेली आणि शिकवायला कुणी नाही. सिस्टरांच्या सुनेनं त्या मुलींसमोर माझ्यासाठी चटई टाकली. मी सुट्टी वाढवून घेतली आणि रोज बेलापूरहून शिकवायला येत राहिले.

एकीनं भीतभीत विचारलं, “ताई, तुमी परत कधी जानार?”

“तुमची परीक्षा झाल्यावर,” मी म्हणाले.