सुनेच्या बोलण्यातलं बोलावणं

एकदा भिंतीपलीकडचं भांडण माझ्या कानावर आलं. माझे धाकटे दीर देवीदासभाऊजी आणि त्यांची बायको जमुना यांच्यात वाफ्याला पाणी कोणी सोडायचं यावरून जुंपली होती. जमुना ओरडली, "जा मंग, जिकडं जायचं तिकडं!" भाऊजी खरंच गेले. आठ दिवस अकोल्याला, बहिणीकडे. इकडे जमुना रोज दोन भाकरी जास्तीच्या टाकायची. परत आल्यावर म्हणतात कसे, "तूच त म्हने, जा."

असा हा माणूस. वलगावात उभा जन्म मेथी-पालक पिकवला. पुढे जमुना वारली. मुलगा मनोज आयर्लंडला, सून तिकडचीच. नातू पाच वर्षांचा झाला, पण आजोबांच्या मांडीवर एकदाही बसला नाही. मनोज बोलवायचा. भाऊजींचं एकच, "घर सुनेचं हाय, वहिनी. ते मनातून बोलावते का, हे समजल्याबिगर मी जात नाही."

म्हणून सत्तराव्या वर्षी इंग्रजी शिकायला बसले. मोबाइलवर सिनेमा लावायचा, दर वाक्याला थांबवायचा, शब्द वहीत उतरवायचे. दुपारी मोबाइल दाखवायला माझ्याकडे हजर.

"हे बाई त्याले म्हनते, उशीर झाला, तू थकला असशीन. किती काळजी पाहा!"

"काळजी कायची? जा म्हनून राहिली त्याले."

"तुमाले कुठं इंग्रजी येते?"

"दार धरून उभी हाय ना ते. बस त म्हनलं नाही."

तेव्हापासून भाऊजींना जो तो आडून बोलतोय असंच वाटायला लागलं.

दिवाळीनंतर सुनेचा स्वतःहून फोन आला. भाऊजी वही घेऊन आले ते तोंड पाडूनच.

"नाही म्हनते ते. जिना लय उभा हाय म्हने, चौदा पायऱ्या. थंडी हाडात शिरते. खोली लहान, खिडकीतून निस्ती भिंत दिसते. तिकडचे लोकं सरळ नाही म्हनत नाहीत, वहिनी."

"अजून काय म्हने?"

"रात्री दिवा लागते का तुमाले? अन् पायाचं माप काय? घरात घालाच्या चपला आनाच्या हायेत म्हने."

मी कपाळाला हात लावला. "भाऊजी, नको असलेल्या मानसाच्या पायाचं माप कोनी इचारते का? तुमी पडू नाही म्हनून पायऱ्या मोजल्या तिनं!"

भाऊजींनी वही मिटली. मग म्हणाले, "मंग आठ नंबर सांगतो."

आयर्लंडला जायच्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी पाहते तर भाऊजी वाफ्यात. मेथी उपटली, मुळं धुतली, जुड्या बांधल्या, टोपलं सायकलला बांधलं आणि रोजच्यासारखा अमरावतीच्या बाजारात माल टाकून दहाच्या आत घरी आले.